टिंब वर की खाली : आमच्या समूहगानाची जून ते ऑक्टोबरची नोंद

आमचं समूहगान बसवणाऱ्या ताईंच्या हाताखालचा शेवटचा कार्यक्रम २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी झाला. मार्चमध्ये त्या लेकीकडे पुण्याला गेल्या. जाताना पेटीवरची गाण्यांची हिरवी वही माझ्या हातात ठेवली. पुढचे तीन महिने वाईट गेले. तिसातले सतरा उरलो, पंचवटीतल्या हॉलचं भाडं झेपेना, मग एकाच्या गच्चीवर तालमी.

जूनमध्ये ताईंच्या जागी शिकवायला दादा आले. मी त्यांना वहीतल्या एका गाण्याची प्रत दिली. ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीशी ते थांबले आणि म्हणाले, "हा तार निषाद गाणार कोण?" आम्ही इतकी वर्षं तिथे तार (वरच्या सप्तकातला) नव्हे, मंद्र (खालच्या सप्तकातला) निषादच गातोय! दोघंही बरोबर होतो. ताईंचे गुरू पलुस्कर परंपरेतले, त्यामुळे वही स्वर लिहिण्याच्या पलुस्कर लिपीत. त्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, उभी रेघ म्हणजे तार. दादा भातखंडे लिपीत शिकलेले. तिथे मंद्राचं टिंब खाली, तारचं वर, आणि डोक्यावरची उभी रेघ फक्त तीव्र (चढ्या) मध्यमाला. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९२२ मध्ये नाशकात रामनाम-आधार आश्रम काढला, त्यांची ही लिपी आमच्या नव्या चार मुलींनी पाहिलीही नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून रोज रात्री वही उतरवतेय. डाव्या पानावर ताईंची खूण जशीच्या तशी, उजव्या पानावर भातखंडे. ३८ पैकी २६ गाणी झाली.

पट्टीचा, म्हणजे सा कुठे धरायचा याचा प्रश्न मात्र लिपीपेक्षा अवघड. काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा) पुरुषांचा खालचा आवाज विझतो, काळी एकमध्ये बायकांचा तार गंधार फाटतो. ताई काळी पाचच धरायच्या आणि पुरुषांना सांभाळून घ्यायच्या. दादांनी काळी एक धरली. अंतरा वर चढला की तो पुरुषांकडे, तेवढा वेळ बायकांनी सा-प आकारात धरून ठेवायचे. पहिले तीन आठवडे मला हे आवडलं नाही. शब्द सोडून नुसता आकार धरायचा म्हणजे आपण गाण्याबाहेर उभ्या आहोत असं वाटायचं. ऑगस्टमध्ये दादांनी पेटी बंद केली आणि फक्त तानपुरा लावला, तेव्हा उलगडलं. पेटीचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. आम्ही वर्षानुवर्षं पेटीलाच टेकून गात होतो. आकार स्थिर लागला की पुरुषांचा गंधार आपोआप खाली येऊन बसतो. त्या संध्याकाळी गच्चीवर कुणी बोललं नाही, दादांनी तीच ओळ सहा वेळा गाऊन घेतली.

सध्या बावीस जण आहोत. दोन जुने सदस्य परतले, त्यातल्या एक काकू अजून पेटी हवी म्हणतात, आणि द्रुत गाण्यांपुरतं मला त्यांचं पटतं.

पाडवा पहाटेला पाच गाणी ठरली आहेत. चार बसली. पाचवं वहीच्या शेवटच्या पानांतलं, आणि तिथे ताईंनी दोन्ही लिप्या मिसळल्या आहेत. अंतऱ्यातल्या एका 'म'वर उभी रेघ आहे. तार की तीव्र, हे रविवारी त्यांना फोन करून गाऊनच घेणार आहे.