चौलची खापरं बघायची असतील तर खाजणात उतरू नका

चौल या जुन्या बंदराची खापरं, म्हणजे मातीच्या भांड्यांचे तुकडे, शोधत होतो. रेवदंड्यात एकाने छातीठोकपणे सांगितलं, "खाडीकडच्या बांधावरून जा, पाच मिनिटांत खापरंच खापरं." त्या पाच मिनिटांना पाऊण तास लागला. बांध मध्येच फुटलेला, भरतीचं पाणी चढत आलेलं आणि पाय गुडघ्यापर्यंत गाळात. एक चप्पल तिथेच राहिली. खापर एकही नाही. त्याआधी रिक्षावाल्याने चौल नाका ते रेवदंडा एवढ्याशा अंतराचे ३०० रुपये घेतले होते. देऊ नका. अलिबाग–रेवदंडा एसटी चौलवरूनच जाते, नाक्यावर उतरा.

खापरं मिळाली ती सुपारीच्या वाडीत. पाय धुवायला पाणी देणाऱ्या काकू म्हणाल्या, "माडासाठी खड्डा खणलाय, तिथं बघा. खणलं की निघतातच." विचारल्याशिवाय कुणाचा गडगा ओलांडू नका.

चौल म्हणजे पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेतलं सेमुल्ला बंदर. त्यामुळे येणारा रोमन मद्यकुंभांचे तुकडे शोधतो, मीही तेच शोधत होतो. पण हातातून सुटेना ते एक जाडंभरडं बूड, बाहेरून काजळीने काळं. ते चुलीवर चढत होतं! काठाचा तुकडा मिळाला तर त्याची गोलाई बघा, तोंड किती रुंद होतं ते कळतं: अरुंद तोंड बहुधा पाण्याचं, रुंद रांधण्याचं. रांजणाचे जाड तुकडे भरपूर असतील तर घरात बहुधा साठवण्याइतकं धान्य येत होतं.

हे वाचन मी शिकलो इनामगावच्या खापरांवरून. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) शेतकरी वस्तीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथली आधीच्या काळातली, जोर्वे गावावरून नाव पडलेली 'जोर्वे' भांडी लाल, घोटीव, काळ्या नक्षीची. उत्तरकाळात ती भरड होतात, आणि चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात. दिवस पालटले हे फुटक्या भांड्यांतही दिसतं. मेलेल्या लहान मुलांना तिथे दोन भांडी तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरलेलं आहे. हे वाचल्यापासून मला कुठलंही खापर नुसता कचरा वाटत नाही.

शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि खापर होतं तिथेच ठेवा. खिशात टाकलंत तर ते कुठल्या मातीतून निघालं, हे कायमचं हरवतं.

रेवदंड्याचा किल्ला दुसऱ्या दिवशी पाहिला, चांगला आहे. बूट घाला, चप्पल नको. आणि परतीची शेवटची एसटी नाक्यावर उतरतानाच विचारून ठेवा.