शरद चालतो, वसंत चालत नाही

इंदूरच्या एका मराठी संस्थेच्या स्पर्धेची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली आणि दुपारीच मला बोलावणं आलं. फॉर्म कुणी दुसऱ्याने केला होता. राजवाड्याजवळच्या कार्यालयात पोचलो तर एका काकूंनी मोबाइलच पुढे धरला. नावाच्या रकान्यात 'सुधा', आणि खाली ब्राउझरचा फुगा: दिलेल्या नमुन्याप्रमाणे लिहा. तोही हिंदीत. पान मराठी असलं तरी हा फुगा ब्राउझरच्या भाषेत येतो, आणि आमच्याकडे कितीतरी मराठी घरांत फोन हिंदीतच असतो.

"अरे, जन्मापासून हेच नाव आहे माझं. आता याच्या पसंतीने बदलू का?" काकू खरंच दुखावल्या होत्या.

नोंदणी झालेल्यांची यादी उघडली. शरद, कमल, अजय, नयन. मीना नाही, विजय नाही, वसंतही नाही. मग लक्षात आलं: काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षर, यांतलं काहीही आलं की नाव बाद!

रकान्याच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे काय लिहिलेलं चालेल हे ठरवणाऱ्या नमुन्यात, युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची संगणकातली यादी) फक्त 'लेटर' हा वर्ग होता. साध्या इंग्रजी नावाला तो पुरतो. देवनागरीत क, स, ध ही 'लेटर' आहेत. पण काना, उकार, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग वेगळा, 'मार्क'. पॅटर्न तर पूर्ण मजकुराला लागू होतो, त्यामुळे एक उकार आला तरी अख्खं नाव अडतं. 'मार्क' जोडला आणि सुधाकाकूंचा फॉर्म गेला.

तेवढ्यात एका काकांचं आडनाव अडलं: कर्‍हाडे. त्यांच्या कीबोर्डने 'र' आणि हलन्तानंतर एक न दिसणारा जोडक टाकला होता. तो ना 'लेटर', ना 'मार्क'. तेव्हा मी दोन्ही रकान्यांचा पॅटर्नच काढून टाकला. माणसाचं नाव कसं असावं हे ठरवणारे आपण कोण? तिथे 'रिक्वायर्ड', म्हणजे रकाना रिकामा नको एवढी अट, पुरे. कमाल लांबीही सढळ ठेवली, कारण ब्राउझर काना-मात्राही मोजतो: 'क्षितिजा' त्याच्या लेखी ८ अक्षरं.

पिनकोडला मात्र पॅटर्न शोभतो. सहा अंक, पहिला शून्य नाही. पण मराठी कीबोर्डवरून कुणी ४५२००१ लिहिलं तर इंग्रजी अंकांचा (0 ते 9) नमुना तेही नाकारतो. म्हणून तपासणीआधी अंक बदलून घेतले. 'सेट कस्टम व्हॅलिडिटी' ही ब्राउझरची सोय वापरून, चूक झाल्यावर दिसणारा निरोप मराठीत लिहिला: "पिनकोड सहा अंकी लिहा." रकाना दुरुस्त होताच तो निरोप रिकामा करावा लागतो, नाहीतर बरोबर पिनकोड लिहूनही फॉर्म हलत नाही.

ब्राउझरची ही राखण कुणीही सहज काढून टाकू शकतो, म्हणून सर्व्हरवरची, म्हणजे फॉर्म जिथे पोचतो त्या संगणकावरची, तपासणी लागतेच. तिथला कोड उघडला, तर नावासाठी तोच 'लेटर'वाला नियम तिथेही बसलेला. तोही काढला, फॉर्म पुन्हा पाठवला, मग सुधाकाकूंची नोंद खरंच झाली का ते यादीत पाहिलं.