हाजी अलीच्या खडकावर, प्रतिपदेच्या सुकतीला

पौष वद्य प्रतिपदा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे दुपारी पाऊण. त्यात सव्वासहा तास मिळवले की सातला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. छापील तक्त्यात चार-पाच मिनिटं इकडेतिकडे होती, पण खडकावर उतरायला कोळीवाड्यातलं हे गणित पुरतं. साडेपाचला किनारा बघायला आलेल्या बाराजणांना घेऊन खाली उतरले. पाणी मागे सरत असतानाच उतरायचं, म्हणजे परतायला वेळ हाताशी राहतो.

आधी पायांकडे बघते. सँडल घातलेल्या दोघांना काठावरच थांबवलं. कालवांच्या कडा पाऊल सहज कापतात, आणि या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असल्याने जखम लवकर बरी होत नाही. जुने, पुढून बंद असलेले रबरी तळाचे बूट सगळ्यांत बरे.

पहिला प्रश्न ठरलेला, "पोवळं कुठंय?" लोकांच्या डोळ्यांपुढे लक्षद्वीप असतं. इथलं पाणी गढूळ, गाळ सतत बसणारा, त्यामुळे पोवळ्यांची भिंत उभी राहत नाही. एकेक वसाहत नाण्यापासून तळहाताएवढी, काळ्या खडकाला पापुद्र्यासारखी चिकटलेली. आम्ही एकीजवळ उकिडवे बसलो. तपकिरी-गुलाबी रंग आणि वर पांढरट रेषांची, दाटीवाटीने बसवलेल्या चांदण्यांची जाळी. हे फॉल्स पिलो कोरल. जाळीतला एकेक खळगा म्हणजे एक जीव. कोस्टल रोडच्या कामासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या काही पोवळ्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. कठीण पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. वाघही त्याच यादीत. आठवण म्हणून तुकडा खिशात घालणं गुन्हा आहे.

शेजारीच शेवाळासारखी वाटणारी गुळगुळीत बटणं होती. ती झोअँथिड, पोवळ्यांचे मऊ अंगाचे नातलग. त्यांच्यातल्या पॅलिथोआ गटातल्या काहींत फार जहाल विष असतं, म्हणून बोट लावायचं नाही, आणि चुकून लागलंच तर तो हात डोळ्यांकडे न्यायचा नाही. सूर्य बुडाल्यावर जांभळी (अतिनील प्रकाशाची) टॉर्च मारली तेव्हा हीच मळकट बटणं डबक्याच्या तळाशी हिरवीगार चमकली. या वेळी गटातले सगळे एकदम गप्प होतात, आणि मग मोबाईल निघतात.

त्या शांततेतच मागून आवाज आला, "ताई, हे बघा काय सापडलं!" दहा-अकरा वर्षांच्या मुलाने डोशाच्या तव्याएवढा दगड उलटला होता. उतरताना दगड उलटायचे नाहीत हे सांगितलं होतं, कारण वर वाढणारं शेवाळ खाली गेलं की अंधारात मरतं आणि खालचे स्पंज उघड्यावर सुकतात. पण इथे प्रकरण वेगळं होतं. दगडाच्या खालच्या बाजूला तांदळाएवढ्या पांढऱ्या अंड्यांच्या माळा लोंबत होत्या आणि खळग्यात ऑक्टोपसची मादी. आधी फिकी पडली, मग क्षणात खडकासारखी काळपट. पळाली मात्र नाही. अंडी घातल्यावर ती बहुधा काही खात नाही. नळीतून पाणी सोडून त्यांच्यावरचा गाळ उडवत राहते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिचाही शेवट जवळ आलेला असतो.

मुलाला दगड धरून ठेवायला सांगितलं. अंड्यांवर डबक्यातलं पाणी ओंजळीने शिंपडलं आणि आधी एक कड मूळ जागी टेकवून बाकीचा दगड हळूहळू, तीच बाजू खाली ठेवून, बसवला. धाडकन सोडला असता तर मादी चिरडली असती. एका बाजूला दोन बोटांची फट राहिली. थोड्या वेळाने फटीतून एक हात आला, जवळचा शिंपला ओढून आत गेला. फट अर्धी बुजली.

सातला सगळ्यांना मागे वळवलं. पाणी फिरल्यावर पहिल्या तासात जेमतेम फूटभर चढतं आणि माणूस गाफील राहतो. उधाणाला तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र दर तासाला मीटरभर येतं, आणि आपल्या पाठीमागच्या घळी आधी भरतात. बॅटऱ्या चालू ठेवून, आलो त्याच वाटेने, एकामागून एक. साडेसातला काठावर मोजणी केली. बारा.

अमावास्येच्या सुकतीला पुन्हा गेले. दगड जागेवर होता, फटीत शिंपले. उचलला नाही.