स्क्रममधून डोकं वर काढल्यावर

तेरा वर्षं मी व्यावसायिक रग्बी खेळलो, पण त्यातला एकही सामना मी धड पाहिलेला नाही. पाठीवर ३ क्रमांक, म्हणजे उजव्या बाजूचा प्रॉप. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना धरून, डोकी खाली घालून चेंडूसाठी रेटारेटी करतात ती; प्रॉप तिच्या पुढच्या रांगेच्या कडेला, हूकर मध्ये. स्क्रममध्ये माझं डोकं समोरच्या प्रॉप आणि हूकरच्या मध्ये अडकलेलं, दोन्ही खांद्यांवर भार, मागच्या रांगेतला लॉक रेटतोय आणि डोळ्यांपुढे फक्त चिखल. स्क्रम सुटून मी उठेपर्यंत चेंडू कुठल्या कुठे गेलेला असायचा. ट्राय झाला की नाही, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की नाही, ते मला प्रेक्षकांच्या आवाजावरून कळायचं.

मानेतल्या एका चकतीने हे सगळं थांबवलं. करार संपायला आठ महिने होते, क्लबने हात मिळवला आणि कपाट रिकामं करायला सांगितलं. त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही.

महिनाभराने ज्युनिअर संघाच्या फॉरवर्डना, म्हणजे स्क्रममध्ये रेटणाऱ्या गड्यांना, शिकवायला कुणीतरी बोलावलं. वाटलं, यात काय अवघड आहे? पहिल्याच दिवशी सतरा वर्षांच्या एका प्रॉपने विचारलं, ‘‘सर, पाय नेमके कुठे ठेवायचे?’’ आणि माझी बोलतीच बंद. हजारो स्क्रम खेळलेला माणूस, पण उत्तर येईना. शेवटी मी गवतावर पवित्रा घेतला आणि मान वाकवून स्वतःचेच पाय बघितले. पोरं हसली. शरीराला सगळं ठाऊक होतं, पण ते तोंडापर्यंत कधी आलंच नव्हतं.

मग वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा प्रशिक्षकांसाठीचा लेव्हल १ कोर्स केला. आधी ऑनलाइन भाग, नंतर प्रत्यक्ष मैदानावर. मी जरा गुर्मीतच गेलो होतो. तिथल्या प्रशिक्षिकेने मला वीस मिनिटांचं सत्र घ्यायला लावलं आणि बाजूला उभी राहून स्टॉपवॉच चालू-बंद करत राहिली. शेवटी घड्याळ माझ्यापुढे धरलं. वीसपैकी अकरा मिनिटं मी नुसता बोलत होतो आणि पोरं उभी होती. सराव हालता, हेतू असलेला, मजेचा आणि सुरक्षित हवा, ही तिथली चौकट. माझ्या सत्रात यातलं फक्त ‘सुरक्षित’ होतं, कारण कुणी हललंच नव्हतं.

लेव्हल २ला खरा घाम निघाला. मधले कित्येक महिने रोज शिकवायचं, त्याची टिपणं ठेवायची आणि मग कुणीतरी येऊन तुमचं शिकवणं तपासणार. त्याच काळात संध्याकाळी गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघायला लागलो. जवळपास सत्तर मीटर रुंद मैदान पहिल्यांदा अख्खं दिसलं. आमची स्क्रम दोन पावलं पुढे गेली की समोरचे फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचे गडी, अडकून राहतात आणि बाहेर चेंडू घेऊन धावणाऱ्या आमच्या सेंटरला मोकळी वाट मिळते. म्हणजे इतकी वर्षं मी ढकलत होतो ते यासाठी! संघातल्या फुलबॅकला, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या, माझ्या निम्म्या वयाच्या पोराला, शेजारी बसवून बावळट प्रश्न विचारायचो. तोही न कंटाळता सांगायचा.

मोठा खेळाडू म्हणजे मोठा कोच, हा ड्रेसिंगरूममधला लाडका समज. रासी एरास्मस दक्षिण आफ्रिकेसाठी ३६ कसोट्या खेळले आणि प्रशिक्षक म्हणून २०१९चा विश्वचषक जिंकले, हे उदाहरण सगळे देतात. पण २०१५मध्ये त्याच दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ने हरवणाऱ्या जपानचे कोच एडी जोन्स ऑस्ट्रेलियासाठी एकही कसोटी खेळलेले नव्हते. ते आधी शाळेत शिकवायचे. मला तर वाटतं, तेच जास्त कामाला आलं असणार.

एका बाबतीत मात्र मी साफ उलटा झालो. २०१३मध्ये स्क्रम सुरू करताना पंचांनी द्यायच्या ‘क्राउच, बाइंड, सेट’ (वाका, धरा, भिडा) या हाका आल्या. आधी समोरच्याला घट्ट धरायचं, मगच भिडायचं. आम्ही दुरून धडक मारण्यात वाढलेले, त्यामुळे मी या नियमाला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आता समोर सतरा वर्षांची मान असते आणि माझी स्वतःची डावीकडे पूर्ण वळत नाही. ‘बाइंड’ नीट झालं नाही तर मी सरावातली स्क्रम तिथेच थांबवतो.

मुख्य कोच म्हणून पहिल्या सामन्यात मध्यंतरासाठी चार पानं लिहून नेली होती. मध्यंतर जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं. त्यात पाणी, फिजिओ, फाटलेली जर्सी. माझ्या वाट्याला तीन मिनिटं आली. दोन वाक्यं बोललो, पानं खिशातच राहिली.

त्या दिवशी तोच प्रॉप घामेजलेला समोर आला. ‘‘सर, पाय?’’ मी विचारलं, ‘‘चेंडू आत आला तेव्हा भार कुठे जाणवला?’’ तो थोडा थांबला. म्हणाला, ‘‘टाचेवर.’’ उत्तरार्धातल्या पहिल्याच स्क्रमला त्याने डावा पाय चार बोटं मागे घेतला. गुडघा सरळ झाला नाही, पाठ वाकली नाही, आणि समोरची रांग मागे सरकायला लागली. मी श्वास रोखून त्याच्या पायांकडे बघत होतो.

तेवढ्यात स्टेडियम ओरडलं. कोपऱ्यात आमच्या विंगरने, कडेने धावणाऱ्या गड्याने, ट्राय केला होता. मला आवाजावरूनच कळलं.