फरशी उचलण्याआधी

रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या जांभ्याच्या घराची जमीन नव्याने करायचे ठरले, तेव्हा ठेकेदाराने सुचवले की शहाबादी फरशीवरच सिमेंटचा थर देऊन व्हिट्रिफाइड टाइल बसवावी, म्हणजे ओल दिसणार नाही. दिसणार नाही हे खरे, पण ती जाणार कोठे? अशा घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने वर चढत राहते आणि टाइलने त्याची वाट बंद केली की ते शेजारच्या भिंतीत शिरते. आमच्या वाडीतल्या एका घरात असेच होऊन भिंतींना कमरेपर्यंत लोणा लागला आहे. नुसते बोट फिरवले तरी गिलावा पिठासारखा हाती येतो.

म्हणून आधी ओलीचे मूळ शोधले. फरशीवर हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवला. कागदाच्या खाली पाणी धरले तर ओल जमिनीतली, वर धरले तर हवेतल्या बाष्पाची. पावसाच्या तोंडावर गार फरशीला जो घाम फुटतो तो या दुसऱ्या प्रकारचा असतो आणि त्यासाठी जमीन उकरण्याचे काहीच कारण नसते. आमच्याकडे थेंब खाली होते.

खरी गोम मात्र बाहेर निघाली. वर्षानुवर्षे अंगणात मुरूम पडत गेल्याने जोते जेमतेम वीतभर उरले होते, आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात पागोळ्यांचे सगळे पाणी पायाशीच मुरत होते. अंगण खणून खाली उतरवले, त्याला घरापासून दूर जाणारा उतार दिला आणि छपराला पन्हळी लावल्या. हे काम पाहुण्यांना दाखवण्याजोगे नसल्यामुळे सहसा टाळले जाते. माझ्या मते खर्च करायचा तर पहिल्यांदा येथेच करावा.

आत फरशांवर खडूने क्रमांक घालून त्या उचलल्या, खालची ओली माती काढली आणि धुतलेली ४० मिलिमीटरची खडी पसरली; तिच्यातल्या पोकळ्या मोठ्या असल्यामुळे पाण्याला वर चढता येत नाही. खडीवर जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी झिरपू देणारे पण बारीक चुरा अडवणारे, कापड अंथरून चुना आणि विटांच्या सुरखीचा कोबा चोपून घेतला. गवंड्याचा आग्रह खाली प्लॅस्टिक घालण्याचा होता. भिंतींना ओलरोधक थर असता तर मीही ते घातले असते, पण येथे त्याने ओल भिंतींकडेच वळली असती. चुन्याचा कोबा सुकायला फार वेळ घेतो, म्हणून काम दिवाळीनंतर लगेच सुरू केले आणि जुन्याच फरशा उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्यात बसवल्या.

न्हाणीघरालगतचा कोपरा अजून काळपट दिसतो. मोरीचा उतार आणि तेथला नळ तपासायचा राहिला आहे. तोवर त्या भागातल्या फरशांचे सांधे मी मोकळेच ठेवले आहेत.