उंबरखिंडीचा डाव: पाणी, धीर आणि चिंचोके

परवाच्या रविवारी उंबरखिंडीची लढाई आमच्या जेवणाच्या टेबलावर पूर्ण खेळून झाली. घरच्या कॅम्पेनमधली, म्हणजे डावामागून डाव पुढे जाणाऱ्या खेळातली, ही पहिलीच मोठी लढाई. एरवी आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रांच्या भूमिका खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मोफत नियम वापरतो. त्यातले मूळ नियम २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. त्यामुळे कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे गुण लिहायचा कागद, मराठीत करून वाटायला काहीच अडचण नाही. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा रकाने केले आहेत. माझी नऊ वर्षांची लेकसुद्धा आता कुणाला न विचारता शीट भरते.

ज्यांना हा प्रसंग नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १६६१. शायिस्तेखानाचा तळ पुण्यात. त्याने आपला सरदार कारतलबखान याला कोकणात उतरायला पाठवलं, सोबत मुघलांकडची सरदार स्त्री रायबागन होती. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने फौज खाली आली आणि दाट रानातल्या अरुंद खिंडीत शिरली. पुढची वाट बंद झाली, मागचीही बंद झाली, वरच्या उतारांवर मावळे दबा धरून बसलेले आणि प्यायला पाणी नाही. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी देऊन, सामानसुमान तिथेच टाकून परत गेला. खोपोलीजवळ चावणी गावाच्या परिसरात आज तिथे स्मारक आहे. एकदा तिथे जाऊन डोंगरउतार बघून या, टेबल मांडताना फार उपयोग होतो.

या लढाईचा निकाल कत्तलीने लागला नाही, खानाच्या फौजेचा धीर सुटला म्हणून लागला. त्यामुळे किती पडले हे मोजून हार-जीत ठरवायची नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं. हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसता येईल याचा आकडा, फक्त खेळाडूंच्या पात्रांना ठेवले. बाकीच्या तुकड्यांना एकच आकडा दिला, धीर. सुरुवातीला प्रत्येक तुकडीचा धीर ८. तिच्यावर बाण किंवा दगड आले की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरीज धीराएवढी किंवा त्याहून कमी आली तर तुकडी टिकली. नाही टिकली तर एक चाल मागे सरकते, आणि मागेही वाट नसेल तर तिथेच थांबून काहीच करत नाही. पाणी मिळालं नाही तर धीर एकने उतरतो. शेजारची तुकडी ढासळली तर आणखी एकने.

इथे वीस बाजूंचा एक फासा न वापरता दोन फासे घेण्याला कारण आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक पायरी सारखीच, पाच टक्क्यांची. दोन फाशांवर धीर ८ असताना टिकण्याची शक्यता ७२ टक्के, ७ वर ५८, ६ वर ४२ आणि ५ वर २८. म्हणजे सुरुवातीला फौज ठाम वाटते आणि मधल्या दोन पायऱ्यांत एकदम डळमळते. वेढ्यात सापडलेली माणसं अशीच कोसळत असणार. टेबलावर ते अक्षरशः दिसलं. चौथ्या चालीपर्यंत दादा, म्हणजे आमचा कारतलबखान, निवांत चहा पीत होता. पाचव्या चालीला मधली तुकडी ढासळली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या तुकड्या पाठोपाठ गेल्या.

पाण्याचं खातं आईकडे होतं. तिला नियमांचे कागद वाचायचे नसतात आणि तिने ते वाचावेत असा माझा आग्रहही नाही. तिच्यापुढे काचेच्या मण्यांची वाटी ठेवली. दर चालीला खानाच्या तुकड्यांपेक्षा कमी मणी वाटीत पडायचे आणि ते कुणाला द्यायचे हे तिने ठरवायचं. आई पहिल्याच चालीपासून घोड्यांच्या तुकडीला पाणी देत राहिली. "जनावरं बोलत नाहीत, त्यांचं आधी," म्हणाली. दादाने खूप विनवण्या केल्या, पण ती बधली नाही. त्या हट्टामुळे घोडदळ शेवटपर्यंत टिकलं आणि सगळ्यात आधी ढासळली ती मधली तोफखान्याची तुकडी. घरच्यांबरोबर खेळताना मला हेच साधायचं असतं. प्रत्येकाच्या हातात एक खरा निर्णय हवा, छोटा असला तरी चालेल, पण त्याने लढाईचं तोंड फिरलं पाहिजे. नुसतं "आता तू फासा टाक" एवढ्यावर कुणी तीन तास बसत नाही.

दबा धरून बसलेल्या मावळ्यांसाठी चिंचोके वापरले. तळाला खुणेचा ठिपका असलेला चिंचोका म्हणजे खरी तुकडी, बिनठिपक्याचा म्हणजे नुसती पानांची सळसळ. भाचा आणि लेक मिळून मावळ्यांची बाजू खेळत होते. त्यांनी खिंडीच्या तोंडाशी सगळे बिनठिपक्याचे चिंचोके मांडले आणि खऱ्या तुकड्या मागच्या वाटेवर ठेवल्या. खान पुढे बघत राहिला आणि मागचं दार बंद झालं. तेरा वर्षांच्या भाच्याला हे सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं.

महाराज पात्र म्हणून टेबलावर आणले नाहीत. त्यांच्या तोंडी आपण रचलेले संवाद घालणं आणि त्यांच्यासाठी फासा टाकणं मला पटत नाही. त्यांचे हुकूम बंद चिठ्ठ्यांमधून येतात, आणि ते कसे पाळायचे हे खेळाडू ठरवतात.

रायबागन वहिनीकडे होती. तीन तुकड्या ढासळल्या की ती खानाशी बोलू शकते, असा नियम होता. या बोलण्यासाठी फासा ठेवला नव्हता. वहिनीने समोरच्या टेबलाकडे हात करून एकेका तुकडीची अवस्था सांगितली आणि शेवटी म्हणाली, "खानसाहेब, इथे मरून शायिस्तेखानाला काय मिळणार आहे?" दादा दोन चाली अडून बसला, मग शरणागती पत्करली. खंडणीची घासाघीस अर्धा तास चालली आणि लढाईइतकीच रंगली. मिनिएचरची, म्हणजे छोट्या बाहुल्यांची लढाई आणि भूमिकेचा खेळ एकत्र करायला अनेक जण बिचकतात. पण डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला तो चेनमेल या १९७१ च्या मिनिएचर लढाईच्या नियमांमधून वाढूनच. दोन्हींचं मूळ एकच आहे.

टेरेनबद्दल, म्हणजे टेबलावरच्या डोंगर-जमिनीबद्दल. डोंगर फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचे आहेत. त्याच्यावर थेट स्प्रे मारू नका, स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं. आधी फेविकॉल आणि रंगाचा जाड थर द्या. जमिनीसाठी चहाचा चोथा धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवून फेविकॉलवर भुरभुरला. सह्याद्रीच्या मातीचा असा रंग विकतच्या कुठल्याच पुडीत मिळत नाही. रानात खानाच्या माणसांची चाल निम्मी, मावळ्यांची पूर्ण.

मावळ्यांच्या बाहुल्या २८ मिलिमीटरच्या, रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या. अंगरख्यांना मळकट पांढरा बेसकोट (पहिला रंग), त्यावर खाचांत उतरणारा पातळ तपकिरी वॉश, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंगाचा ड्रायब्रश. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) बाहेर काढू नका, दमट हवेत त्यावर पांढरट, खरखरीत थर बसतो. या महिन्यांत ब्रशने लावायचा प्रायमरच बरा. घोडे अजून अर्धेच रंगले आहेत.

पुढचा डाव कोंढाण्याचा, ४ फेब्रुवारी १६७०. तिथे धीरापेक्षा आवाज महत्त्वाचा. कडा चढताना प्रत्येक चालीला आवाजाचा एक मणी वाटीत टाकायचा आणि मणी ठरावीक संख्येवर गेले की पहारा जागा होणार, असा कच्चा नियम लिहून झाला आहे. पहारेकऱ्यांचे मणी अर्थातच आईकडे. रात्रीच्या डावात किती इंचांपलीकडचं दिसू नये हे ठरायचं आहे. मी सहावर आहे, भाचा चारवर अडून बसलाय. तुमच्याकडे रात्रीचे छापे खेळले असतील तर तुम्ही किती ठेवता ते कळवा.