मास्क खाली आले, आता विमान खाली का चाललंय?

३० जून २०२५ ला शांघायहून टोकियोला निघालेलं स्प्रिंग जपान या जपान एअरलाइन्सच्या उपकंपनीचं बोइंग ७३७-८०० सुमारे ३६,००० फुटांवर असताना केबिनमधल्या हवेच्या दाबाचा इशारा वाजला. मास्क खाली आले आणि दहाएक मिनिटांत विमान साडेदहा हजार फुटांवर उतरलं. आत १९१ माणसं होती. विमान ओसाकाच्या कन्साई विमानतळाकडे वळवलं आणि ते सुखरूप उतरलं. जगभरच्या बातम्यांत मात्र विमान २६ हजार फूट 'कोसळलं' होतं.

जरा हिशोब करू. साडेपंचवीस हजार फूट, दहा मिनिटं. म्हणजे मिनिटाला सरासरी अडीच हजार फूट. पुण्याहून दिल्लीला जाणारं रोजचं विमान उतरताना मिनिटाला दीड ते अडीच हजार फूट खाली येतच असतं. खरा आणीबाणीचा उतार याच्या दुप्पट वेगाचा असू शकतो, मिनिटाला पाच-सहा हजार फूट. तोही कोसळणं नसतो. वैमानिक सिम्युलेटरमध्ये तो पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

खाली का यायचं? ३६,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतो. केबिनमध्ये मात्र आपण साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेत बसलेले असतो, कारण इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा, जिला ब्लीड एअर म्हणतात, 'पॅक' नावाच्या दोन यंत्रांतून थंड होऊन सतत आत येत असते आणि शेपटाकडच्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून मोजून मापून बाहेर सोडली जाते. दाब किती ठेवायचा ते हा व्हॉल्व्ह किती उघडा आहे त्यावर ठरतं. एक पॅक बंद पडला तरी दुसरा बहुधा निभावून नेतो. दोन्ही गेले, व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा दाराच्या सीलमधून मोठी गळती लागली की केबिनची 'उंची', म्हणजे आतली हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते, वाढू लागते. ७३७ मध्ये ती १०,००० फुटांवर गेली की कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो, आणि १४,००० वर मास्क आपोआप खाली पडतात.

आता वेळेचं गणित. ३५,००० फुटांवर मास्कशिवाय माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं ते जेमतेम अर्धा ते एक मिनिट. २५,००० वर तीन ते पाच मिनिटं. दाब एकदम गेला तर यातलं निम्मंच धरावं. ऑक्सिजन कमी पडलेल्या या अवस्थेत माणसाला बऱ्याचदा त्रास जाणवत नाही, उलट बरं वाटतं, आणि तेच घातक. म्हणून वैमानिकांचं पहिलं काम स्वतःचा मास्क. तो एका हाताने पाच सेकंदांत चढेल असाच बनवलेला असतो. मग एकमेकांशी बोलणं जुळतंय ना ते पाहायचं, दाबाची यंत्रणा हाताने सावरून बघायची, प्रवाशांच्या ऑक्सिजनचं बटण दाबायचं आणि मग खाली. ध्येय १०,००० फूट, तिथे साधी हवा पुरते.

प्रवाशाच्या डोक्यावरच्या खणात काय असतं ते नीट बघण्यासारखं आहे. ७३७ किंवा ए३२० सारख्या बहुतेक विमानांत तिथे ऑक्सिजनचं सिलिंडर नसतं. हाताच्या पंज्याएवढा एक धातूचा डबा असतो आणि त्यात सोडियम क्लोरेटची वडी. मास्क ओढला की त्याच्या दोरीने डब्याची पिन निघते, खटका बसतो, लहान मुलांच्या पिस्तुलातल्या टिकलीसारखी एक टोपी फुटते आणि वडी एका टोकाकडून जळत जाऊ लागते. त्या जळण्यातून ऑक्सिजन सुटतो. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. विमानाप्रमाणे १२ ते २२ मिनिटं चालतं.

यातून चार गोष्टी निघतात. सूचना दाखवताना क्रू त्यातल्या बहुतेक सांगतो, पण का ते सांगत नाही.

मास्क नुसता तोंडाला लावून भागत नाही, तो जोरात ओढावा लागतो, नाहीतर पिन निघतच नाही. शेजाऱ्याने ओढला असेल तर त्या खणातले सगळे मास्क बहुधा एकदमच चालू होतात, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

पिशवी फुगली नाही म्हणून मास्क काढून टाकायचा नाही. ऑक्सिजन मंद धारेने येत असतो, आणि जोरजोरात श्वास घेणाऱ्या घाबरलेल्या माणसाची पिशवी फुगायला सवडच मिळत नाही. नळीतून येतंय ना, एवढं पुरे.

जळका वास येतो. डब्याचा बाहेरचा भाग अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो आणि त्यावर बसलेली धूळ करपते. 'आग लागली' असा ओरडा होतो तो बऱ्याचदा यामुळे. हे डबे किती तापट असतात याचा भयंकर पुरावा ११ मे १९९६ चा आहे. अमेरिकेत व्हॅल्यूजेटच्या विमानात असे जुने डबे फुटणाऱ्या टोपीवर संरक्षक झाकण न लावताच सामानकक्षात भरले होते. आग लागली आणि ११० जण गेले. खणात नीट बसवलेला डबा मात्र तेवढी उष्णता सोसेल अशाच बेताने ठेवलेला असतो.

चौथी गोष्ट नाकाची. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्ट या अमेरिकन कंपनीच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात इंजिनातलं पातं तुटलं, खिडकी फुटली, एका प्रवासी महिलेचा जीव गेला. त्या केबिनमधले फोटो जगभर फिरले, आणि त्यांत अनेकांनी मास्क फक्त तोंडावर धरला होता, नाक उघडं. मास्कची वाटी नाक आणि तोंड दोन्ही झाकायला आहे, मग ती कितीही तोकडी वाटो.

तीन आसनांच्या रांगेवर बहुधा चार मास्क असतात, चौथा मांडीवरच्या बाळासाठी. एका बाजूच्या रांगेत दोन तान्ही बाळं बसवायला क्रू नकार देतो तो याच कारणाने. टॉयलेटातही मास्क पडतात. तिथे असाल तर तिथेच बसून लावायचा, आसनाकडे धावायचं नाही. आणि धूर असेल तर या मास्कचा उपयोग नाही, कारण त्यात केबिनची हवाही मिसळते.

आता विमान खाली येताना आसनावरून काय दिसतं आणि ऐकू येतं? दाब अचानक गेला तर केबिनमध्ये धुकं पसरतं. तो धूर नसतो, हवेतला ओलावा गारठून झालेलं दव असतं, आणि ते काही सेकंदांत विरतं. मग इंजिनांचा आवाज एकदम बसतो. लोकांची पाचावर धारण बसते ती इथे, कारण इंजिन बंद पडलं असंच वाटतं. खरं तर वैमानिकाने थ्रॉटल स्वतःच मागे घेतलेलं असतं, लवकर उतरायचं तर जोर कशाला लावायचा? लगेच पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात, स्पीडब्रेक, आणि सगळं विमान थरथरतं. नाक खाली झुकतं. क्रू दिसेनासा होतो, कारण त्यांनाही हाताला येईल त्या आसनावर बसून मिळेल तो मास्क लावायचा असतो. कॉकपिटमधून बऱ्याचदा चकार शब्द येत नाही. काही विमानांत तेवढी रेकॉर्ड केलेली घोषणा वाजत राहते.

ती चार-पाच मिनिटं प्रवाशाला मरणाची वाटतात. पण त्या वेळी जे जे भीतीदायक भासतं ते जवळपास सगळं उपचाराचा भाग असतं. उताराचा वेग कमी ठेवलेला असेल तर त्यालाही कारण असू शकतं: विमानाच्या सांगाड्याला इजा झाल्याचा संशय असला की वैमानिक मुद्दाम जपून उतरतात. हिमालयावर तर थेट १०,००० ला येताच येत नाही, लेहचा विमानतळच साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. अशा मार्गांवर कुठल्या बिंदूपासून कुठल्या दरीकडे वळायचं हे उड्डाणाआधीच आखलेलं असतं आणि ऑक्सिजनचा साठाही त्या हिशोबाने असावा लागतो.

मग घाबरायचं कशाला? विमान खाली *न* येण्याला.

१४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सकडे हेलिओस या विमान कंपनीचं ७३७-३०० निघालं. आदल्या रात्रीच्या तपासणीत दाबाच्या यंत्रणेचा निवडीचा खटका 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर नेला होता आणि तो तसाच राहिला. उड्डाणापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासण्यांतही तो सुटला. १२,००० फुटांच्या सुमारास भोंगा वाजला, पण त्या विमानात हाच आवाज जमिनीवर असताना टेकऑफची मांडणी चुकल्याचाही इशारा द्यायचा. वैमानिकांना दुसरंच काही वाटलं, विमान चढत राहिलं, पुढे मास्क पडले. मास्कमध्ये बाराएक मिनिटांचा ऑक्सिजन होता, तो उतारापुरता. उतार झालाच नाही. ऑटोपायलटवर ३४,००० फुटांवर घिरट्या घालत इंधन संपलं आणि विमान ग्रामॅटिकोजवळच्या डोंगरावर आदळलं. १२१ च्या १२१ गेले. पुढे ७३७ मध्ये या दोन इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे आले.

आपल्याकडची आठवण २० सप्टेंबर २०१८ च्या पहाटेची. मुंबईहून जयपूरला निघालेलं जेट एअरवेजचं ९डब्ल्यू ६९७. केबिनचा दाब राखणारा स्विच लावायचाच राहिला, असं डीजीसीए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने त्याच दिवशी सांगितलं. मास्क पडले, विमान मुंबईला परतलं. १६६ प्रवाशांपैकी ३० जणांचा घोळणा फुटला, काहींच्या कानांतून रक्त आलं. दोन्ही विमानं एकाच जातीची, चूक एकाच घराण्यातली. फरक एवढाच की मुंबईच्या क्रूला ती वेळेत कळली आणि त्यांनी चढणं थांबवलं.

कानानाकाचं थोडं सविस्तर, कारण नंतर तेच निस्तरावं लागतं. दाब उतरताना सायनसमध्ये कोंडलेली हवा फुगते, विमान खाली येताना उलट कानाचा पडदा आत ओढला जातो आणि दडे बसतात. सर्दी असलेल्याला दोन्हीकडून मार. नेहमीच्या प्रवासात नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की काम भागतं. पण रक्त आलं असेल, ऐकू कमी येत असेल किंवा चक्कर असेल तर फुंकू नये, उतरल्या दिवशीच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पुढचं विमान धरू नये. घरी परतायची घाई असली तरी ट्रेन पकडावी. बोर्डिंग पास आणि डॉक्टरचा कागद जपून ठेवावा, कंपनीला लेखी कळवावं, दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकावी.

विश्वासाचं काय? अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातानंतर प्रत्येक परतलेल्या विमानाची ठळक बातमी होते, आणि त्याबद्दल प्रवाशांना हसण्यात अर्थ नाही. विमानप्रवास रस्त्यापेक्षा सुरक्षित असतो हे खरं आहे, पण नुकताच मास्क लावून बसलेल्या माणसाला ते ऐकवणं म्हणजे जखमेवर आकडे चोळणं. त्याला हवी असते माहिती, आणि ती द्यायला फार काही लागत नाही. १०,००० फुटांवर विमान सरळ झालं की वैमानिकाचे हात थोडे मोकळे होतात. तेव्हा एवढं बोललं तरी पुरतं: "केबिनचा दाब कमी होत होता म्हणून आम्ही मुद्दाम खाली आलो. आता मास्क काढलात तरी चालेल. दोन्ही इंजिनं व्यवस्थित आहेत. पंचवीस मिनिटांत नागपूरला उतरतोय, जळका वास मास्कच्या डब्यांचा आहे." चांगले कॅप्टन हे करतात. काही तर उतरल्यावर दारात उभे राहून प्रश्नांना उत्तरंही देतात.

घोडं अडतं ते कंपनीच्या कार्यालयात. संध्याकाळी निघणाऱ्या पत्रकात 'तांत्रिक कारणास्तव' हे दोन शब्द असतात आणि त्यापुढे प्रवाशांची सुरक्षितता सर्वोच्च वगैरे. पॅक बंद पडला, की व्हॉल्व्ह अडकला, की सेन्सरने खोटा इशारा दिला? चौकशी पूर्ण झाल्याशिवाय मूळ कारण सांगू नये हे मान्य. पण काय घडलं आणि क्रूने काय केलं हे सांगायला चौकशीची वाट पाहावी लागत नाही. तेवढंही मिळालं नाही की प्रवासी व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ प्रमाण मानतो, आणि व्हिडिओत 'कोसळलं' असतं.

मूळ कारण मात्र कळू शकतं. गंभीर घटनेची चौकशी आपल्याकडे एएआयबी ही विमान अपघातांची सरकारी तपास संस्था करते आणि तिचा अंतिम अहवाल संकेतस्थळावर येतो. वेळ लागतो, कधी वर्षापेक्षा जास्त, तोवर बातमी विसरली गेलेली असते. उड्डाणाची तारीख आणि विमानाचा व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लिहून ठेवला तर अहवाल पटकन सापडतो. त्यात कुठला खटका किती वाजता कुठे होता ते मिनिटासेकंदांनिशी असतं, आणि शेवटच्या पानांवर सुधारणेच्या शिफारशी. आधी त्या शिफारशी वाचाव्यात, मग आपल्या कंपनीने त्यातलं काय केलं ते विचारावं.